टिपरची स्लाइड

सोमवार, १५ नोव्हेंबर २०१०

शाळेच्या कपाटात एक प्रोजेक्टर दोन वर्षं मरून पडलाय आणि त्याच्यावर खडूचे डबे रचून ठेवलेत. ते बघून डोकं जे तापलं ते अजून उतरलेलं नाही, म्हणून सायलीची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही घेऊन लिहायला बसलो.

सायली माझी नात. गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे. सकाळी तिची वही घरी राहिली ती द्यायला गेलो तेव्हा हे दिसलं. बाईला विचारलं, "हे काय?" वैशालीबाई ही तिथली एकुलती एक शिक्षिका, केरीहून दोन बसी बदलून येते, वयाने माझ्या मुलीसारखी. म्हणाली, "काका, एका खाणवाल्याने भेट दिलेला. चालू होत नाही. दोनदा अर्ज केला."

अर्ज! अर्जाने कधी मोटर फिरलीय? मी बत्तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो. चौथी शिकून आत शिरलो, पुढचं सगळं हातांना शिकवलं. घरून स्क्रूड्रायव्हर आणला, झाकण काढलं. आतून लाल धूळ अशी निघाली की पोरांनी तिची रांगोळी घातली असती. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर मातीचे, म्हणजे लोखंडाच्या खनिजाचे टिपर ट्रक जातात आणि वर्गाच्या जनेलीला काच नाही, मग दुसरं काय होणार? जाळी धुतली, वाळवली, एक वायर तुटलेली ती जोडली. भिंतीवर निळा चौकोन पडला. तेरा पोरं एकदम ओरडली, "आजो!"

तेराच. माझा प्रशांत ह्या शाळेत होता तेव्हा सत्तर होती.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

प्रशांतने जेवताना डिचोलीच्या इंग्रजी शाळेचा फॉर्म पानाशेजारी ठेवला. तो माझा मुलगा, सायलीचा बाप, दोन टिपरांचा मालक. "बाबा, जूनपासून सायली तिथे. बस दारात येते."

"आणि इथली शाळा?"

"इथे काय आहे? एक बाई आणि चार वर्ग. पोरगी तिसरीत, परवा दुकानाची पाटी वाच म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली."

"उन्हात डोळे दिपले असतील."

"सावलीत होतो आम्ही."

मला त्याचा असा राग आला की माशांच्या हुमणात कालवलेला भात तसाच राहिला. वाड्यावरचे, आमच्या वस्तीतले लोक प्रशांतच्या मागून चालतात. त्याने पोर काढली की आणखी चौघे काढणार. मग आठ पोरांसाठी शाळा कोण उघडी ठेवील? फॉर्म पंधरा फेब्रुवारीपर्यंत द्यायचा आहे. म्हणजे तेवढे दिवस मला आहेत. त्या इंग्रजी शाळेत पडद्यावर शिकवतात म्हणे. मग आमच्याकडे काय भिंत नाही?

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

आठ दिवस शाळेतल्या कॉम्प्युटरशी कुस्ती. त्यात पॉवरपॉइंट म्हणून एक प्रकार आहे. एकेक पान भिंतीवर पडतं, त्याला स्लाइड म्हणायचं. वर फोटो लावायचा, खाली मजकूर. शिकवायला कोणी नाही, एकेक बटण दाबून बघितलं. दोनदा केलेलं सगळं पुसलं गेलं. तेव्हा दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. आता अक्षरं उजवीकडून उडत येतात आणि वाक्य संपलं की टिपरचा हॉर्न वाजतो. हॉर्न प्रशांतच्याच टिपरचा, मोबाइलवर धरून घेतला.

विषय माझा मीच काढला: आपली माती कुठे जाते. खाण, टिपर, नदीचा धक्का, माती वाहणारा बार्ज, वास्कोचं बंदर, परदेशी बोट. ह्यात मला कोण शिकवणार? बेचाळीस स्लाइड झाल्या.

बाईने बघितलं. म्हणाली, "काका, केवढी मेहनत घेतलीत." आणि मग, "सगळं तर पडद्यानेच सांगितलं. मुलांनी काय करायचं?"

बघायचं! आणखी काय करायचं? जेवायला बसलेला माणूस वाढप्याला विचारतो का, मी काय करू म्हणून?

मंगळवार, ७ डिसेंबर

आज पहिला वर्ग झाला. जनेलीला गोणपाट लावून काळोख केला. पोरं मांडी घालून अशी बसली की जणू दशावतार सुरू होणार आहे. मी वाचून दाखवतो, मग पोरं म्हणतात, अशी पद्धत ठेवली. बाकीच्यांना अर्धं वाक्य सांगून पुढे ढकलावं लागतं. सायलीला तेही नाही. चित्र पडायचा अवकाश, अक्षरं उडत येऊन जागेवर बसायच्या आधीच तिचं म्हणून संपलेलं! "हा टिपर. ह्यात दहा टन माती बसते." आवाजही कसा, घंटेसारखा. घरी मी दोनदाच म्हणून घेतलेलं. अशी पोर, आणि तिचा बाप म्हणतो वाचता येत नाही!

बाई मध्येच म्हणाली, "सायली, आता शेवटचा शब्द वाच. मग त्याच्या आधीचा." उलटं वाचायचं हे कुठलं खूळ? अजून तीस स्लाइड बाकी. मी पुढचं बटण दाबलं.

बुधवार, १५ डिसेंबर



आज माझा वर्ग चालू असताना बाईने वहीचा पुठ्ठा प्रोजेक्टरसमोर असा धरला की वरचं चित्र गेलं आणि खालची अक्षरंच राहिली. मला न विचारता! म्हणाली, "सायली, वाच ग बाळा." सायली गप्प. मी "हा बा..." एवढं म्हटलं तर तिने लगेच सगळं म्हटलं. बाई माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगू नका ना. तिचं तिला काढू दे."

"पोर घाबरली काळोखात, दिसत नाही तुम्हाला?"

"काळोख रोजच असतो, काका."

म्हणजे बघा. मी ह्यांचा मेलेला प्रोजेक्टर उठवला, आठ दिवस घालून स्लाइड केल्या, आणि ही काल आलेली मुलगी तेरा पोरांसमोर माझं तोंड बंद करते. मला वाटतं तिला हे सोसत नाही. पोरं आता "बाई" म्हणत नाहीत, "आजो कधी येणार" विचारतात. घरी येऊन बायकोला सांगितलं. सरस्वती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुठ्ठा धरला तेव्हा पोरीने वाचलं काय?"

"तिला वाचू दिलं तर ना!"

"म्हणजे नाही वाचलं."

हिलाही काही सांगायची सोय उरली नाही.

मंगळवार, ४ जानेवारी २०११

पालकसभा बावीस तारखेला, शनिवारी ठरली. मी बाईला सांगून टाकलं, त्या दिवशी माझ्या बेचाळीस स्लाइड होणार आणि सायली हातात काठी घेऊन वाचणार. बाप समोर बसून ऐकू दे. मग बघतो फॉर्म कसा भरतो ते.

बाई म्हणाली, "सगळी मुलं मिळून करू या. आठ-दहा स्लाइड पुरे. काही रिकाम्या ठेवू, मुलं पालकांना प्रश्न विचारतील."

रिकाम्या! पाहुणे बोलावून रिकामी ताटं मांडायची? मी तसं म्हटलं. ती हसली, पण बरं नाही हसली. "काका, सायलीला एकटीला उभी करू नका. माझं ऐका."

का नको करू? ती हुशार आहे म्हणून? स्वतःच्या हाताखालच्या पोरीचं कौतुक दुसऱ्याने केलेलं बघवत नाही, एवढंच.

बटण दाबायला मी आहे, त्यामुळे माझ्याच स्लाइड होणार. पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर सायलीकडून म्हणून घेतो. अठ्ठाविसावी स्लाइडसुद्धा तोंडात बसलीय. काल कंटाळून म्हणाली, "आजो, बार्जचं चित्र आलं की तू खोकतोस, ते त्या दिवशी पण खोक हां." भारी मिश्कील आहे.

शुक्रवार, २१ जानेवारी

दुपारी एकटाच शाळेत बसून शेवटचा हात फिरवला. टिपरची स्लाइड बघताना एक गोष्ट मनात आली. दहा टन माती बसते हे सभेतल्या सगळ्या टिपरवाल्यांना ठाऊकच आहे. त्यात प्रशांतचं मन कसं वळणार? म्हणून तो मजकूर काढला आणि नवा घातला: "हा टिपर प्रशांत गावस यांचा. ते पहाटे चार वाजता उठतात." चित्रही त्याच्याच टिपरचं आहे. भरसभेत लेकीच्या तोंडून बापाचं नाव. मला एकट्याला बसल्या जागी भरून आलं.

सायलीला सांगितलं नाही. तिलाही गंमत.

शनिवार, २२ जानेवारी

काय लिहू.

सभेला सगळे आले. वर्ग भरला, व्हरांड्यातही उभे होते. प्रशांत ट्रिप सोडून आला होता, सून शीतल त्याच्या शेजारी. पहिल्या सहा स्लाइड अशा झाल्या की टाळ्या. सायलीची काठी एकेका शब्दाखाली सरकत होती, आवाज खणखणीत. मी प्रशांतकडे बघत होतो. चेहरा जरा मऊ पडलेला.

सातवी स्लाइड टिपरची. अक्षरं उडत आली, बसली. हॉर्न वाजला. प्रशांत एकदम ताठ झाला, त्याने स्वतःचं नाव वाचलं. सायलीने काठी बरोबर त्याच्या नावाखाली धरली आणि मोठ्याने म्हणाली,

"हा टिपर. ह्यात दहा टन माती बसते."

मी खोकलो. "सायली, नीट बघ." तिने पुन्हा काठी सरकवली, एकेका शब्दावर थांबत, मान डोलावत. "हा. टिपर. ह्यात. दहा. टन."

बाबली, प्रशांतच्या बरोबरीचा टिपरवाला, मागून ओरडला, "गे सायल्या, निदान बापाचं नाव तरी वाच मगे!" सगळे हसले. पोरीला कळेना का हसतात. तिने माझ्याकडे बघितलं. नंतर कळलं असावं, कारण काठी खाली पडली.

बाईने पुढे होऊन गोणपाट ओढलं. उजेड आला. तिने सायलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "सायलीचं पाठांतर पक्कं आहे. वाचायचं आम्ही अजून शिकतोय. ह्या वर्गात आणखी तिघं तशी आहेत आणि ती जबाबदारी माझी आहे." भरसभेत! तिघं कोण हे प्रत्येक बाप मोजू लागला असेल. झाकून न्यायचं सोडून हिने उघडं केलं.

घरी पोचलो. दारात चप्पल काढताना प्रशांत म्हणाला, "बाबा, माझं नाव होतं तिथे."

सोमवार, २४ जानेवारी

आज बसच्या थांब्यावर गाठलं तिला. चार माणसं होती, पर्वा केली नाही.

"तुला ठाऊक होतं!"

"होतं, काका."

"मग मला का नाही सांगितलं?"

"चार वेळा सांगितलं. चारही वेळा तुम्ही पुढचं बटण दाबलंत."

"मग प्रशांतला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी तिला काढली असती. मी रोज मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसते. दिवाळीपर्यंत चांगली चालली होती. दोन अक्षरं जोडू लागली होती. मग तुमच्या स्लाइड आल्या आणि तिला कळलं, की न वाचताही शाबासकी मिळते."

बस आली. ती चढली. मला उत्तर सुचलं तेव्हा बस वळणाच्या पलीकडे गेली होती. काय सुचलं तेही आता आठवत नाही, पण खणखणीत होतं.

तिथून मी शाळेत गेलो. प्रोजेक्टरची केबल काढली आणि घरी आणली. वायर मी जोडली, जाळी मी धुतली, माझ्या हातचं मी परत आणलं. आता करू दे रिकाम्या स्लाइड.

शुक्रवार, २८ जानेवारी

केबल कपाटात आहे. प्रोजेक्टर बंद. बाईने निरोप पाठवला नाही. मागायला आली असती तर दोन शब्द सुनावून दिली असती.

प्रशांतने फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सही बाकी. सायली चार दिवस माझ्याजवळ येत नव्हती. आज आली. मी पेपर पुढे केला. "वाच."

तिने फोटो बघितला. "आग लागली."

मी फोटोवर तळहात ठेवला. "आता वाच."

ती कागदाकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी "फों" एवढंच म्हणायला ओठ उघडले, तर झटकन म्हणाली, "फोंड्याला!" शब्द बरोबर होता. मी तोंड मिटलं.  ती पुन्हा माझे ओठ कधी हलतात ते बघत बसली, मांजर माशाकडे बघतं तशी.

माझा पारा चढला. पेपर आपटला. "तीन वर्षं काय केलं त्या शाळेत!" पोर रडत आत गेली.

सरस्वती न्हाणीतून हात पुसत आली. मला वाटलं, पोरीला रडवलं म्हणून बोलणार. ती म्हणाली, "माका पण तुमी असंच शिकवलंत."

"काय शिकवलं?"

"लग्न होऊन आलंय तेव्हा पाटी आणलेली तुमी. मी 'स' काढायच्या आधी माझा हात धरून सरस्वती लिहून मोकळे. सगळ्यांना दाखवलंत, माझी बायको नाव लिहिते. मागून वास्कोहून भावाची पत्रं आली. पाकीट माझ्या नावाचं, फोडून वाचलंत तुमी. भाऊ गेला त्याला वीस वर्षं झाली. पत्रात तो कुठल्या ओळीला हसायचा आणि कुठल्या ओळीला गप्प व्हायचा, ते माका अजून ठाऊक नाही."

हिने आज हे भलतंच काय काढलं? पेपर रोज सकाळी मी तिला वाचून दाखवतो तो मायेनेच ना? पंचेचाळीस वर्षांत कधी अडलं का तिचं काही? मी तसं विचारलं तर म्हणाली, "अडूक दिलं कधी?" आणि चुलीकडे गेली.

रात्रीच्या जेवणाला नको म्हटलं. कोणी आग्रह केला नाही.

सोमवार, ३१ जानेवारी

केबल परत दिली.

बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होती. मी केबल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "प्रशांतकडून पंधरा तारखेपर्यंतचा वेळ मागितलाय. तोवर सही करणार नाही. तेवढ्यात पोर वाचेल?"

"एक-दोन वाक्यं वाचेल. पण तुम्ही मी सांगते तसं करणार असाल तर."

म्हणजे आता मी हिच्या हाताखाली. बरं. विचारलं, काय करू.

तिने सांगितलं, माझ्या बेचाळीस स्लाइडमधला मजकूर सगळा पुसायचा. चित्रं ठेवायची. अक्षरं उडवायची नाहीत, हॉर्न नको. एकेक मूल येऊन आपल्याला हवं ते चित्र निवडणार, त्याखाली एक वाक्य स्वतः टाइप करणार. ते वाक्य दुसऱ्या मुलाने वाचायचं. उद्या दुसरं मूल, दुसरं वाक्य. आधी कोणाला काय येणार ते ठाऊक नाही, म्हणून पाठ करायची सोयच नाही.

"आणि मी?"

"तुम्ही सायलीशेजारी बसायचं आणि बोलायचं नाही. पंधरा मिनिटं. खोकायचंही नाही."

मी बत्तीस वर्षं खाणीवर मशीनच्या आवाजात ओरडून काम केलेला माणूस. मला ही खोकू नका म्हणते.

पुसायला तीन तास लागले. करताना आठ दिवस लागले होते.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

आठवडाभर बघतोय. गोंधळ नुसता. पूर्वी माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. आता प्रत्येक पोर उठून पडद्यापाशी जाऊन बोट लावतं, भांडतं, "तू चुकीचं वाचलंस रे" म्हणून एकमेकांचे केस ओढतं. काळोखही नाही, गोणपाट अर्धंच. बाई मागे उभी राहते आणि मध्ये एखादा प्रश्न टाकते, बस. ह्याला शिकवणं म्हणतात?

आज सायलीची पाळी होती टाइप करायची. तिने माझा फोटो निवडला. प्रोजेक्टर उघडून बसलो होतो तेव्हा बाईने काढलेला, नाकाला लाल धूळ. एकेक अक्षर कीबोर्डवर शोधत होती. माझा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मांडीखाली घातला. वीस मिनिटांनी वाक्य झालं:

"हे माझे आजोबा. ते सगळं आधीच सांगतात."

वर्ग खदखदून हसला. बाईने तोंडाला पदर लावला. मला काय राग आला म्हणून सांगू! हिच्यासाठी मी दोन महिने राबलो, आणि ही सगळ्यांसमोर भिंतीवर माझी बदनामी लावते. आणि आता ती स्लाइड रोज दुसरं पोर वाचणार!

घरी येऊन तक्रार केली. सरस्वतीने विचारलं, "स्वतः लिहिलंन?"

"हो तर. एकटीने. एक अक्षरसुद्धा मी..."

बोलता बोलता थांबलो. सरस्वती माझ्याकडे बघत होती.

सोमवार, १४ फेब्रुवारी

प्रशांत शाळेत आला. फॉर्म खिशात घडी करून. बाईला म्हणाला, "पुन्हा पाठ केलेलं ऐकायचं नाही मला."

"तुम्हीच लिहा ना काय हवं ते." तिने खुर्ची सरकवली.

प्रशांतने कीबोर्ड बघितला. टिपरचं स्टेअरिंग धरणारी बोटं, एका बोटाने अक्षरं शोधू लागली. लिहिताना प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा. सायली माझ्याशेजारी, तिच्या तळव्याला घाम. मला कोणी उठवून बाहेर बसवलं असतं तर बरं झालं असतं.

पुठ्ठा बाजूला झाला. चित्र नाही. नुसता पांढरा चौकोन आणि त्यावर एक ओळ.

सायली उठली, पडद्यापाशी गेली. काठी नाही, बोट. आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या ओठांकडे. मी तोंडावर हात ठेवला. ती वळली.

"प... पा... पप्पा." थांबली. "आ... ज. आज." मग बोट अडलं. जोडाक्षर होतं पुढे. बाहेरून एक टिपर गेला, दुसरा गेला. शब्द माझ्या घशात येऊन उभा होता. मी हाताला चावा घेतला, खरंच घेतला, अजून वळ आहे.

"ट... टरी... ट्रि... ट्रिप!" तिने पाय आपटला. "ट्रिपला. गे-ले. ना-ही-त."

मग आपल्यालाच ऐकू आल्यासारखं तिने पुन्हा एकदा, सलग म्हटलं. "पप्पा आज ट्रिपला गेले नाहीत." आणि वळून बापाला विचारलं, "का नाही गेलात?"

 प्रशांतने फॉर्म खिशातच ठेवून तिला कडेवर घेतली. आठ वर्षांची घोडी, कडेवर. बाईला म्हणाला, "चौथी इथेच करू दे. पुढचं पुढे बघू. तुम्ही शिकवलंत हो."

तुम्ही! मी तिथे हात चावून बसलो होतो आणि माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. प्रोजेक्टर कोणी उठवला? धूळ कोणी काढली? बाई म्हणाली, "काकांनी जास्त केलं." प्रशांत हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. मलाही तसंच वाटतंय.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

बाबलीही आपल्या पोराला ठेवतोय म्हणाला. बाकीचे तिघे अजून ठरवत नाहीत. वैशालीबाईने मला वेळापत्रकात घातलंय, तेही मला न विचारता. सोमवार ते शुक्रवार, वाचता न येणाऱ्या त्या तिघा पोरांच्या शेजारी, पंधरा मिनिटं, तोंड मिटून.

घरी संध्याकाळी सायलीबरोबर तेच चालू ठेवलंय. ती पेपर उघडते, फोटोवर स्वतःच वाटी पालथी ठेवते आणि बातमी काढू लागते. आज सरस्वतीही पाट घेऊन तिच्या पलीकडे येऊन बसली. कशाला, ते मी विचारलं नाही. सायलीच्या बोटाच्या मागून तिचंही बोट सरकत होतं, एका शब्दावर दोघींची बोटं अडली. सोपा शब्द होता. इतका सोपा की डोळे मिटूनही सांगता आला असता. दोघी तिथेच बसून राहिल्या आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

आज अकरा मिनिटं जमलं.